तिसऱ्या दिवशीचं उत्तर

प्रिय धाकट्या,

फोनवर आपलं बोलणं तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतं, म्हणून कागद घेतलाय. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आणि ‘झाली ताई सुरू’ असं म्हणत हे पत्र अर्धवट वाचून फ्रिजवर ठेवून देऊ नकोस. लग्नपत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या आणि माझी पत्रं तू तिथेच ठेवतोस आणि मग ती सगळी मागे भिंतीकडे पडतात, हे मला तुझ्या बायकोने केव्हाच सांगितलंय. हे पत्र बसून वाच आणि शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खबर. तुझ्या छकुलीचा शेला अजून मागावरच आहे. वीतभर विणून झालाय. समाजाच्या बैठकीत ठरलं त्याप्रमाणे मी तो गेल्या सोमवारीच कापून उतरवायला हवा होता. दोनदा कात्री घेऊन बसले आणि दोनदा उठून भांडी घासायला गेले. घासलेलीच भांडी परत घासली. बैठकीच्या वतीने मामांनी निरोप पाठवला की माग मोकळा झाला का ते कळव. मी कळवलं, पाठ धरली आहे. पाठ काही धरलेली नाही. दोन महिन्यांनी पोरीला बारावं लागेल, शेला घ्यायच्या दिवशी बरोबरीच्या सगळ्या मुली खांद्यावर आपापल्या घराचा काठ घेऊन उभ्या राहतील, आणि हिच्या खांद्यावर कोरा काठ, पाहुण्यांना देतात तसला. पाच वर्षं तुझ्या घराचा काठ कुणी विणायचा नाही, असं चाळीस माणसांनी हात वर करून ठरवलं. चाळीस माणसं, आणि त्यांतल्या निम्म्यांना शेल्याची गाठ नीट मारता येत नाही. मला इतका वैताग आलाय की धोटा हातात घेतला तरी फेकावासा वाटतो.

वैताग कुणाकुणाचा आलाय ते क्रमाने लिहिते, म्हणजे निदान डोकं तरी मोकळं होईल.

तो व्हिडिओ मला दाखवला समोरच्या शिंपीणबाईने. ती बिचारी आनंदाने धावत आली, गळ्यातला टेप तसाच लोंबत होता. म्हणाली, तुमचा शेला फोनवर गाजतोय, एकोणीस लाख लोकांनी बघितला. मी हात पुसून बघायला घेतला. पहिल्या क्षणी मला बरं वाटलं, हे आधीच कबूल करते. मग नीट बघितलं. कुणीतरी उंचेली नटी, डोक्यात पिसं खोवलेली, गालांवर लाल-पांढरे पट्टे ओढलेले, आणि शेला कमरेला गुंडाळलेला. वरून चामडी पट्टा आवळलेला. एका गाडीच्या बॉनेटवर ती त्या शेल्यासकट बसली आणि पाय हलवत राहिली. वर अक्षरं होती, ‘पाच मिनिटांत रानटी लूक’. मागे ढोल वाजत होते, तेही यंत्रातले. आपण शेल्यावर बसत नाही. चटई नसली, जमीन ओली असली, तरी बसत नाही. लहानपणी तू एकदा चुकून बसलास तेव्हा आईने तुला मारलं नाही, नुसतं तिथून उठवलं आणि दिवसभर तुझ्याशी बोलली नाही, आठवतंय?

शेला कुणाचा ते ओळखायला मला विचार करावा लागला नाही. आईच्या शेवटच्या वर्षातलं काम ते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी सुनेचा शेला मीच विणणार म्हणून हटून बसली होती. काठावरच्या दातेरी नक्षीच्या ओळीत एक दात कमी पडलाय. मी दाखवला तेव्हा म्हणाली, राहू दे, सुनेला कळायचा नाही. नटी पाय हलवत होती आणि नेमका तो कमी पडलेला दात तिच्या मांडीखालून डोकावत होता. शिंपीणबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, कौतुक ऐकायला. मी म्हटलं, छान आहे. दुसरं काय म्हणणार? तिची काय चूक?

मग मी तक्रार करायला गेले. गेले म्हणजे कुठे गेले नाही, इथेच खाटेवर बसून फोनवर. तुला वाटत असेल ताईला फोनमधलं काय कळतं, पण मी सगळी बटणं दाबून बघितली. त्यांनी विचारलं, तक्रार कोणत्या प्रकारची आहे? हिंसा, नग्नता, खोटी माहिती, प्राण्यांशी क्रूरता, इतर. माझ्या आईचं कापड कुठल्या खणात बसतं ते मला कळेना. ‘इतर’ दाबलं तर दोनशे अक्षरांत लिहा म्हणाले. मी चार वेळा लिहून, चार वेळा कापून, शेवटी लिहिलं की हा शेला खांद्यावर घेतात, त्यावर बसत नाहीत, तो माझ्या आईने विणलाय, ती आता नाही, हे काढून टाका. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं की हा मजकूर आमच्या नियमांत बसतो. इतक्या लवकर तर शिंपीणबाई सुईत दोरा ओवत नाही. दुसऱ्यांदा मी ‘मालकी हक्क’ असं काहीतरी होतं ते दाबलं. त्यांनी विचारलं, नक्षीच्या निर्मात्याचं नाव काय, निर्मितीची तारीख काय, नोंदणीचा कागद जोडा. आता काय तारीख लिहू? आईला तिच्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. त्याच्यापुढचं आईलाही माहीत नव्हतं. तारखेची जागा रिकामी ठेवली तर ती खिडकी लाल व्हायची आणि पुढे जाऊ द्यायची नाही. तिसऱ्या वेळी मी रागाने ‘प्राण्यांशी क्रूरता’ दाबलं. त्यावरही तेच उत्तर आलं.

सगळ्यात कहर पुढे झाला. मला वाटलं, आपणच दाखवावं शेला कसा घ्यायचा ते. शिंपीणबाईला फोटो काढायला लावला. भिंतीशी उभी राहिले, माझा स्वतःचा शेला, माझ्या खांद्यावर, डावीकडे गाठ, सगळं रीतसर. खाली चार ओळी लिहिल्या. दोन दिवस राहिला तो फोटो. अकरा जणांनी बघितला, त्यांत सहा तर आपल्याच गल्लीतले. तिसऱ्या दिवशी फोटो गायब आणि मला ताकीद, की तुम्ही दुसऱ्याच्या व्हिडिओतली नक्षी उचलली आहे, पुन्हा असं केल्यास खातं बंद होईल. माझ्या खांद्यावरचं माझ्या आईचं काम मी त्या नटीकडून चोरलं, असं त्या यंत्राने ठरवलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती तशी जाते, मी अनुभवलंय. त्या दिवशी मी शेजारच्यांच्या मांजराला ओरडले, दूधवाल्याला ओरडले, आणि तू फोन केलास तेव्हा तुला ओरडले. तुझं ऐकून न घेता फोन ठेवला. तू काय सांगायला फोन केला होतास ते मला नंतर तुझ्या बायकोकडून कळलं.

व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं मी सगळं वाचलं. वाचू नये म्हणतात, पण मी वाचलं. किती गोड. कुठे मिळेल. माझ्या पुतणीच्या गॅदरिंगला असंच करू. अशी माणसं खरंच असतात का हो? एकाने विचारलं होतं, हे लोक अजून आहेत का? मी लिहिलं, आहोत, आणि आज आमच्याकडे नळाला पाणी आलेलं नाही. त्यावर तिघांनी हसरे चेहरे टाकले. आता बाजारातल्या मोठ्या दुकानातही आपला काठ दिसतो, कापडावर छापलेला, पडद्यांच्या विभागात. उलटा छापलाय, दात वर करून. दुकानदार भला माणूस आहे, मी उलटा आहे म्हटल्यावर म्हणाला, ताई, पडदा उलटा लावा मग.

पण खरं सांगू, त्या परक्यांचा राग लवकर निवतो. त्यांना माहीत नाही, झालं. आपल्यांचा निवत नाही. आपला तो शहरातला चुलतभाऊ, शेल्याला सेफ्टी पिन लावणारा, त्याने तुझा फोटो लावून लिहिलं की ज्याने घरातलं कापड बाहेर दिलं त्याच्या घराचा काठ बंद करा. तुला विकला गेलेला म्हणाला. त्याच्या आयुष्यात तो मागाजवळ दहा मिनिटं बसलेला नाही. त्याखाली दोनशे चाळीस अंगठे होते. त्यातला एक माझा. तुला दिसला असेल किंवा नसेल. रागाच्या भरात दाबला, आणि मग काढून घ्यायला गेले तर शिंपीणबाई म्हणाली, आता काढलात तर सगळ्यांना कळेल की काढला. म्हणून ठेवला. एवढी अक्कल माझी.

आता तुझ्या त्या व्हिडिओवाल्या ऑफिसातल्या चष्मेवालीबद्दल. इथून मला लिहायला जड जातंय, पण लिहिते.

तुला रीत माहीत आहे. पण हल्ली जो तो ती आपल्या सोयीने सांगतो, म्हणून आईने मला सांगितली तशीच इथे लिहून ठेवते. आपल्या घरचा शेला बाहेरच्या माणसाला द्यायचा असेल, दाखवायला किंवा घालायला, तर मागणाऱ्याने घरातल्या थोरल्या बाईला तीन वेगवेगळ्या दिवशी येऊन विचारायचं. हात रिकामे ठेवून यायचं, काही घेऊन यायचं नाही. पहिल्या दिवशी नाही म्हणायचं. दुसऱ्या दिवशी नाही म्हणायचं. त्या दोन नकारांचा अपमान मानायचा नसतो, ती दोघांनाही विचार करायला दिलेली सवड असते. तिसऱ्या दिवशी मात्र घराने खरं उत्तर द्यायचं. आणि तिसऱ्या दिवशी घर गप्प राहिलं, तर तो होकार धरायचा, कारण नाही म्हणायला घराला तीन दिवस मिळाले होते. आई गेल्यापासून घरातली थोरली बाई मी.

चष्मेवाली पहिल्यांदा आली ती मंगळवारी, भर दुपारी. कुणी न सांगता बूट बाहेर काढले, हात रिकामे. तिने नीट विचारलं, तुमच्या भावाच्या घरचा शेला आम्हाला सात मिनिटांच्या माहितीपटासाठी हवा आहे, तो कसा विणतात, कसा घेतात, त्याच्यावर काय चालतं आणि काय चालत नाही ते आम्ही सांगणार. मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि गेली. तेव्हाच मी ओळखलं की हिला तू पढवून पाठवलंय. तुझ्या ऑफिसात आवाज टिपायचं काम करणाऱ्या माणसाला कोण विचारतं, पण तू तिला म्हणालास की माझ्या घरात असलं तरी ते माझं नाही, ताईला विचारा, आणि असं विचारा. चार तासांचा बसचा प्रवास करून ती गुरुवारी परत आली. मी परत नाही म्हटलं. ती हसली आणि म्हणाली, थोडा वेळ मागाशी बसू का? बसली. फणी कशाला, काठावर दातांच्या ओळी तीनच का, धागा तुटला तर गाठ कुठल्या अंगाला मारता, असे प्रश्न विचारले की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनीही कधी विचारले नाहीत. वहीत चित्रं काढली. मला ती पोर आवडली. तिथेच सगळा घोळ झाला.

पुढचं तुला माहीत आहे. शेला तुमच्याकडून त्यांनी रीतसर घेतला, तुझ्या बायकोने स्वतः कॅमेऱ्यासमोर तो खांद्यावर घेऊन दाखवला, तू आवाज टिपलास. सात मिनिटं चांगली झाली होती म्हणे. मग एक दिवस जवळून नक्षी टिपायला म्हणून शेला ऑफिसात राहिला, आणि सकाळी वरच्या लोकांनी दुसऱ्याच कामासाठी तो कपाटातून उचलला, नटीला दिला, आणि सात मिनिटं बाजूला ठेवून एकोणीस सेकंद जगाला दाखवले. तू भांडलास, चष्मेवाली भांडली. तिने नोकरी सोडली. हे सांगायलाच तू त्या दिवशी फोन केला होतास. तिचं हाताने लिहिलेलं पत्र माझ्याकडे येऊन पडलंय, तीन पानं, माफी मागितली आहे. तिने माफी कशाची मागायची? मी अजून उत्तर पाठवलेलं नाही. आधी तुझं पत्र पुरं करायचं होतं.

आता बैठक. त्या दिवशी तू सकाळच्या गाडीने आलास, थेट हॉलवर, घरी न येता. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, हातात पाण्याचा पेला होता. मामांनी आयुष्यभर गणित शिकवलं, त्यांचं सगळं एक-दोन-तीन असतं. त्यांनी तुला एकच विचारलं, शेला देण्याआधी घराला विचारलं होतं का? मला वाटलं आता तू सगळं सांगशील. मंगळवार सांगशील, गुरुवार सांगशील, शनिवार सांगशील. मी मनातल्या मनात कुठे तोंड लपवायचं ते शोधत होते. तू म्हणालास, “कुणालाच विचारलं नाही. माझ्या घरात होता, मी दिला.” आणि बसलास. हॉलमध्ये कुजबूज झाली. मामा चष्मा पुसत राहिले, त्यांना तुझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं. त्यानंतर हात वर झाले. माझा हात वर गेला नाही, पण खालीच राहिला म्हणून मी काही मोठी नाही. मी उठून बोलायला हवं होतं. पाणी प्यायले.

तू खोटं बोललास, धाकट्या. लहानपणी तुला खोटं बोलता यायचं नाही, कान लाल व्हायचे. त्या दिवशीही झाले होते, मी मागून बघितले. तू आलास तसाच दुपारच्या गाडीने परत गेलास, आणि तेव्हापासून मी तुझ्यावर चिडलेली आहे. कशासाठी? मला वाचवायला सांगितलं होतं कुणी? मी काय पाच वर्षांची आहे? तुझी पोर कोऱ्या काठाने उभी राहणार आणि मी मात्र गावभर मान ताठ ठेवून मागावर बसणार, ही तुझी माया मला नको आहे. आठ दिवस मी हेच बोलत होते, भिंतीशी, भांड्यांशी. मग लक्षात आलं की ओरडायचं असेल तर भिंतीवर कशाला, आरशासमोर उभं राहावं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, चष्मेवाली आली तेव्हा मी घरात होते. सूत ठेवतो त्या मागच्या खोलीत, गाठोड्यांच्या मध्ये, लहान पोरीसारखी दबा धरून. तिने दारात उभं राहून ताई, ताई अशी हाक मारली. थांबली. पायरीवर बसली. चाळीस मिनिटं बसली, घड्याळ माझ्या समोरच होतं. मला नाही म्हणायचं नव्हतं, कारण मला मनातून हवं होतं. आईचं काम जगाने बघावं, खाली आपलं नाव यावं, हे मला हवं होतं. आणि हो म्हणायचं नव्हतं, कारण उद्या कुणी बोल लावला तर तो माझ्या माथी नको होता. नाव व्हावं आणि दोष येऊ नये, एवढाच माझा हिशोब होता. म्हणून म्हटलं, घर गप्प राहू दे. रीतच हो म्हणेल, मला म्हणायला नको. चार पिढ्यांत त्या रीतीचा असा उपयोग कुणी केला नसेल. बाहेरच्या लोकांनी आपल्या कापडाचा मान ठेवला नाही म्हणून मी महिनाभर आकांडतांडव केलं. त्याचा मान पहिल्यांदा सोडला तो मी, आपल्याच घरात, सुताच्या गाठोड्यामागे बसून.

आणि तुला हे माहीत होतं. तुमच्या ऑफिसची पांढरी गाडी पिठाच्या गिरणीशी उभी होती, मागच्या खोलीच्या झरोक्यातून मला दिसत होती. तू उतरून दारापर्यंत आलास. माझ्या चपला पायरीवर होत्या, आत गॅसवर चहा उकळत होता, त्याचा वास बाहेर येत असणार. तू चपलांकडे बघितलंस, घटकाभर थांबलास, मग त्या पोरीला म्हणालास की चला, घर गप्प आहे म्हणजे हो. मी ते ऐकलं. तू मला हाकही मारली नाहीस. मला वाटतं, तू मला लाजवायला नको म्हणून गेलास. आणि तेच तू परत त्या हॉलमध्ये केलंस.

हे पत्र कशासाठी ते आता सांगते. आज सकाळी मी मामांकडे जाऊन आले. तिसऱ्या दिवसाचं सगळं एका कागदावर लिहून, खाली सही करून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग म्हणाले की रविवारी परत बैठक बसेल. काय होणार ते मला कळतं. घराच्या थोरल्या बाईने तिसऱ्या दिवशी तोंड लपवलं, तर तिने घराचा काठ विणायचा नाही, हे मीच लहानपणी आईकडून पाठ केलंय. तुझ्या घरावरची बंदी उठेल आणि माग चुलतीकडे जाईल. छकुलीचा शेला मी थांबले तिथून पुढे ती विणेल, तिचा हात माझ्यापेक्षा सैल आहे, फरक दिसेल, दिसू दे. मामा शब्दाने शब्द तपासणारे आहेत. माझ्या कागदावर ते विश्वास ठेवणार नाहीत, बहीण भावासाठी खोटं लिहिते आहे असंच त्यांना वाटेल, आणि ते तुला सगळ्यांसमोर विचारतील की त्या शनिवारी तुझी बहीण घरात होती का. म्हणून मुद्दाम त्यांना कागद देऊन झाल्यावरच तुला लिहिते आहे, मला अडवायला तुला सवडच राहू नये म्हणून. आयुष्यात तुझ्याकडे फार काही मागितलेलं नाही. रविवारी सकाळच्या गाडीने ये, पोरीला घेऊन ये, आणि मामांनी विचारलं की फक्त एवढंच म्हण, होती.

तुझीच,
ताई